पुढचं पुस्तक

दर तिसऱ्या मंगळवारी फ्योर्डात पुस्तकांची बोट येते.
धक्क्यावर एइलिफ. परत केलेल्या प्रत्येक पुस्तकात चिठ्ठी:
"भूत ठीक. शेवट पचपचीत."
"विहिरीतली बाई बरी होती, नव्वदाव्या पानापासून फार बोलते."
तोरुन हसते, मागच्या फळीवरून काढून देते
माणसं मोजणारं धुकं, दात असलेलं घर.
"याने तरी झोप उडेल?"
"बघू."

नोव्हेंबरात सूर्य गेला तो गेलाच.
या खेपेला त्याने वही पुढे केली,
बायकोची, हिशेबाची:
कॉड दोन किलो, लोकर, कॉफी,
कॉफी,
बाराला नुसतं "मीठ आ"
आणि पुढे कोरी पानं.

"ही वाच. रात्री, एकटीने.
कोरी पानं भराभर उलटू नकोस."

परतीच्या तारखेचा शिक्का उचलून
तोरुन तशीच उभी.