किरायदार

गाडी दूध संघाच्या लिलावातली.
रंग दोनदा मारला, तरी उन्हात
दाराच्या कडेला 'दू' वर येतोच.

वीस वर्षं हिच्यातून बांगड्या नेल्या,
देवणी, वलांडी, जळकोट, हंडरगुळी.
चढ आला की ही खोकायची,
मी उतरून चाकामागं दगड लावायची.
दगडही गाडीतच ठेवलेला, घरचा.
ऐनवेळी बाहेरचा सापडत नाही.

चैतात, ऐन लग्नसराईत,
वलांडीच्या अलीकडं काळं तेल ओकली
आणि गप्प.

आत्या, भंगारात घालू, उत्तरेश्वर म्हणाला.
हमीदोद्दीन मिस्त्रींनी सीटमधला डबा उचलला,
वाकून बघितलं, फडक्याला हात पुसले.
"चासी में जान है बाई.
इंजन का क्या, किरायदार है.
एक गया, दूसरा आता."

दुसरा आला तो अहमदपूर रोडच्या
एका काळी-पिवळी जीपचा.
जीप पुलाखाली गेलेली.
माणसं? मी विचारलं.
"सब उतर गए थे," म्हणाले
आणि पाना शोधायला लागले,
जो त्यांच्या हातातच होता.

अकरा दिवस.
लिंबाच्या फांदीला चेनकप्पी,
लेथवर कातलेली प्लेट,
शाफ्ट चार बोटं कापून पुन्हा जोडलेला.
लातूरला साहेबानं आरसी बुकातला
जुना नंबर खोडला तेव्हा
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

आता किल्ली फिरवली की एका दमात.
दगड अंगणात पडून आहे.
खोकी हलत नाहीत,
डझनामागं दोन फुटायच्या त्या फुटत नाहीत.
पण वेशीपासून ती किणकिण ऐकून
पोरी ओरडायच्या, कासारीण यायलीय गं!
आता हॉर्न मारावा लागतो.
हिशेबात फायदा आहे, तक्रार नाही.

एवढंच, की कुठलाही फाटा आला
की गाडी जराशी रेंगाळते.
उत्तरेश्वर आईची शपथ घेतो,
पाय ॲक्सिलेटरवरच होता.
मिस्त्री म्हणतात, डिझेलमध्ये कचरा.
फिल्टर दोनदा बदलला.

परवा एका फाट्यावर अशीच रेंगाळली.
बाभळीखालून एक म्हातारी उठली,
काखेत कोंबडी.
दार तिनंच उघडलं, कडी कुठं अडते
ते ठाऊक असल्यासारखं,
आणि पदराची गाठ सोडत विचारलं,
"जळकोटचे किती घेता आता?"

उत्तरेश्वरनं माझ्याकडं बघितलं.
मी सरकले.