पानाची अळी

ब्रायोनी नर्सिंग शिकायला अ‍ॅडलेडला गेली
तेव्हा मागे ठेवून गेली
एक सायकल, पुढचं चाक नसलेली,
फ्रिजवर चिकटवलेली यादी,
आणि तुला, बिशप,
काचेच्या खोलीत, दिव्याखाली,
दाढी फुगवून बसलेला,
जणू भाडं मीच थकवलंय.

यादीतली पहिली ओळ: रोज हिरवा पाला, बाबा.
‘रोज’खाली दोन रेघा.

मी काय काय नाही केलं.
बोक चॉय चिरला पेराएवढा,
मग नखाएवढा,
मग इतका बारीक की चष्मा लावूनही मलाच दिसेना.
वर लाल भोपळा किसला.
मिसेस झेलिन्स्कीच्या कुंपणावरून
जास्वंदीची फुलं खुडली, न विचारता,
पहाटे, अंगात ड्रेसिंग गाउन.
तू फुलावर पाय देऊन पलीकडे गेलास
आणि पाण्याच्या ताटलीत जाऊन बसलास.

पाल्याखाली रातकिडे दडवले.
तू ते वेचलेस,
सराफानं खडे वेचावेत तसे.
पाला जिथल्या तिथे,
ओला, नीटनेटका, नाकारलेला.

डॉक्टर पापाझोग्लूंनी तुला तळहातावर उलटा धरला.
म्हणाल्या, पिल्लू होतं तोवर किडे ठीक होते.
आता हा मोठा झालाय. लठ्ठही.
आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
माझ्या शर्टावर मीट-पायचा सॉस होता.

तीन दिवस मी खमका राहिलो.
चौथ्या दिवशी तू मान तिरकी करून
एका डोळ्यानं बघितलंस
आणि मी डबा उघडला, अळ्यांचा.
ब्रायोनीला फोनवर म्हणालो, हो हो, खातोय.
ती गप्प राहिली. गप्प राहणं तिच्या आईकडून आलंय.

मग चमचा धरला तुझ्या नाकासमोर.
हा घास मॅगपायचा,
हा घास जेट्टीवरच्या पेलिकनचा.
ती दोन वर्षांची असताना असंच भरवायचो,
रात्रपाळी करून आल्यावर,
भट्टीची धूळ अजून कानात.
ती तोंड उघडायची.
तू दाढी काळी केलीस.

रविवारी जेट्टीवर वारा होता, मासा नव्हता.
शेजारचा पोरगा रबरी अळी लावत होता गळाला,
गुलाबी, चकचकीत,
खऱ्या अळीपेक्षा जास्त वळवळणारी.
मी बघत राहिलो.
जन्मभर माशांना फसवत आलो, बिशप,
जे नाही ते आहे म्हणून.
व्हायलाच्या या खाडीत
माझ्याएवढं खोटं कुणी बोललं नसेल.

घरी येऊन तंगूस कापली, हातभर.
गळ नाही, शिसं नाही,
टोकाला फक्त एन्डाइव्हचं एक पान.
तुझ्यासमोर ठेवलं.
ओढलं, जरासं.
थांबलो.
पुन्हा जरासं, घाबरल्यासारखं.
(हे हाताला येतं. शिकवता येत नाही.)

तुझी मान वळली.
दोन्ही डोळे पुढे आले.
आणि तू असा झेपावलास
की काचेवर आपटलास, पण पान तोंडात!

मी घाईघाईनं गाठ सोडवली.
तू चावलंस एकदा,
थांबलास.
तुझ्या चेहऱ्यावर ते आलं,
बक्षिसाच्या खोक्यात मोजे निघाल्यावर येतं ते.
मला वाटलं, थुंकशील.
पण पकडलेलं टाकून देणं
बहुधा तुझ्याही रक्तात नाही.
गिळलंस.

ब्रायोनीला फोन केला.
पान? म्हणाली.
पान.
अख्खं?
देठ सोडून.
हसली. मग म्हणाली, आणि तुम्ही, बाबा?
मी म्हटलं, काय मी?
पुन्हा ते गप्प राहणं, अ‍ॅडलेडहून इथवर.

जुडीत एक पान उरलं होतं.
ओट्याशी उभ्याउभ्या खाल्लं, मीठही न लावता.
कडू. जीभ आत ओढणारं,
पावसात राहिलेल्या कुंपणासारखं कडू.

बिशप,
तुझं काही चुकत नव्हतं रे.
उद्या सकाळी पुन्हा, दिवा तापला की.
तंगूस दोघांपुरती आहे.