कपाचा कान

कपाला कान लावायचं काम
लोरेन टनिक्लिफनं सव्वीस वर्षं केलं.
ओल्या मातीचा कप, ओल्या मातीचा कान,
मध्ये पातळ चिखलाचा एक थेंब
आणि अंगठ्याचा दाब इतकाच,
की दोघांनाही कळू नये
आपण कधी वेगळे होतो.

जानेवारीत यंत्र आलं.
सात बायांचं काम ते दोघींच्या देखरेखीत उरकतं.
उरलेली पाच नावं 'जास्तीची'.
हा शब्द माझा नाही, फॉर्मचा आहे.
फॉर्म मात्र मी भरते.

स्टोकमधल्या या कारखान्यात
माझ्या खिडकीतून बाटलीच्या आकाराची जुनी भट्टी दिसते.
विझून साठ वर्षं झाली. आत कबुतरं राहतात,
त्यांना कुणी नोटीस देत नाही.

गुणांचा तक्ता केला.
यंत्राच्या प्रशिक्षणाला वीस, शिस्तीला दहा, हजेरीला दहा.
हाताच्या सफाईला रकानाच नव्हता.
हजेरीत लोरेनला तीन.
मी होल्डक्रॉफ्टसाहेबांना म्हटलं,
"हे खाडे तिच्या नवऱ्याच्या डायलिसिसचे आहेत,
आणि ग्रझिनाचे बाळंतपणाचे.
मोजायचेच असतील तर माझ्या सहीशिवाय मोजा."
ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिले.
मग रकाना खोडला.
ग्रझिना वाचली.
लोरेन पाचांतच राहिली.

बातमी तिच्या कानावर मीच घातली.
दार लावून, पाण्याचा ग्लास ठेवून,
युनियनच्या नुसरतला शेजारी बसवून.
ती म्हणाली, "बरं."
मग माझा कप उचलून उजेडात धरला.
"हा माझा नाही. कान तिरका आहे."

आणि मी जपून ठेवलेला पर्याय काढला:
भाजून आलेले कप वाजवून बघायचे.
लाकडी दांडीची टिचकी.
अखंड कप घंटेसारखा बोलतो,
तडा गेलेला खोकतो.
तोच पगार, तीच पाळी,
चार आठवडे करून बघायची मुभा,
नाही जमलं तर भरपाईचा हक्क तसाच.
मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.
कान लावणारीला कान देण्याचं काम!
घरी जाताना बसमध्ये
हे वाक्य मी स्वतःशीच दोनदा म्हटलं.

नवव्या दिवशी ती दारात उभी.
"डाव्या कानानं मला ऐकू येत नाही.
उजव्यानंही निम्मंच.
इतकी वर्षं त्या पंख्याला चिकटून बसले ना.
मला सगळेच कप चांगले वाटतात."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस.
तू सांगत होतीस."

आज पुन्हा बैठक.
फाइल आणली आहे, उघडलेली नाही.
खुर्ची उचलून तिच्या उजव्या बाजूला ठेवली.
रिकाम्या जागांची यादी पिशवीत आहे:
पॅकिंग, नमुने रंगवणं, सकाळचं कँटीन.
ती शेवटी काढीन,
किंवा तिच्याच हातात देईन.
"काय करायला आवडेल?" असं नाही विचारलं,
तो भरल्या पोटाचा प्रश्न.
विचारलं, "काय झेपतं? काय नाही झेपत?
घरी किती वाजता लागतेस?"

नुसरतनं पेन खाली ठेवलं.
लोरेन बोलू लागली.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
दवाखान्याची गाडी सव्वादोनला, कधी अडीचला.
गुडघा बरा आहे, जिना नको.
बोटं शाबूत आहेत,
डोळे मिटून मातीतला खडा सांगते.
मग थांबली, माझ्याकडे बघितलं,
ऐकतेय का हे पाहायला.

मी मान हलवली. अजून काही लिहून घेतलं नाही.
भिंतीपलीकडे यंत्र
एकामागून एक कान लावत होतं,
सगळे सरळ.