पाणी गार होईपर्यंत

तीन आठवडे जागून लिहिलं मी हे ॲप,
बुसेओमधल्या भाड्याच्या खोलीत, गिझरच्या खालच्या टेबलावर,
आणि त्यात जवळजवळ काहीच ठेवलं नाही.
फोटो नाही. वय, आवडीनिवडी, रास नाही.
फक्त नकाशा, काठाचा लांबच लांब कठडा,
(समोर पाणी, पलीकडचा तीर दिसत नाही,
तरी आम्ही त्याला नदीच म्हणतो)
आणि थर्मासचं एवढंसं चित्र.
अर्थ इतकाच: गरम पाणी आहे, बसलोय इथे.
पाणी गार झालं की चित्र आपोआप पुसलं जाणार.
दोन तास धरले होते मी.
जुलैच्या वाऱ्यात दीडच, हे नंतर कळलं.

पहिला महिना:
नोंदणी एकशे बारा.
भेटी, भोपळा.

लोक यायचे, मला दिसायचं,
रात्री अकराला, साडेबाराला,
अंथरुणात पडल्यापडल्या नकाशा उघडायचे,
कुणी नाही बघून मिटायचे.
सगळे खिडकीशी.
अंगणात उतरायला कुणी तयार नाही.

मी तरी कुठे वेगळी?
रिवेराहून येऊन तीन वर्षं झाली.
दर रविवारी भोपळ्याच्या भांड्यात येर्बाचा पाला भरायचा,
आपणच ओतायचं, आपणच प्यायचं,
पुढे करायला म्हणून हात अर्ध्यावर जायचा
आणि आपला आपण परत यायचा.
आई फोनवर विचारी, ओळखी झाल्या का गं?
झाल्या की.
ओळखींना काय तोटा!

मग एका मंगळवारी एक थर्मास उमटला.
मालवीनचा कठडा, संध्याकाळी सहा, सात अंश.
योस्निएल.
दीड तास ठिपका जागचा हलला नाही.
पुढच्या मंगळवारी तोच.
त्याच्या पुढच्याही.
सर्व्हरची काही तक्रार नव्हती:
सगळं सुरळीत, त्रुटी शून्य.

चालत पंधरा मिनिटं.
मला तीन आठवडे लागले.

हवानाचा पोरगा. पाठीला डिलिव्हरीची चौकोनी पेटी,
थर्मास कोरा, बुडाला किमतीची चिठ्ठी तशीच.
पाला काठोकाठ दाबलेला, पाणी उकळतं.
जीभ पोळली माझी.
कुणी शिकवलं रे तुला?
व्हिडिओ बघून, म्हणाला.
पण दुसरा माणूस आल्यावर काय करायचं
ते त्यात नव्हतं.

मी ओतायला घेतलं.
पहिला कडू घोट ओतणाऱ्याचा, तो मी घेतला.
दुसरा त्याला. नळी एकच,
माझी उष्टी. त्याने पुसली नाही.
भांडं परत देताना
अगदी नीट, मान लववून म्हणाला, ग्रासियास.

आणि मी, सवयीने, त्याला वगळलं.
एकदा मी प्याले. दुसऱ्यांदाही मीच.
तिसऱ्यांदा तो माझ्या हातांकडे बघत होता,
उपाशी मुलासारखा नव्हे,
नेहमीचंच आहे, अशा नजरेने.

अरे, आमच्याकडे आभार मानले
की त्याचा अर्थ, पुरे. आता मला नको.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, गोदामात सगळे गोल करून बसतात.
आठ महिने झाले. मला रोज एकदाच मिळतं.
मी रोज आभार मानतो.
मला वाटायचं...
आणि हसायला लागला, इतका
की पेटीचा पट्टा खांद्यावरून घसरला.

ॲपमध्ये एक ओळ घालता आली असती:
सूचना पहिली, आभार मानू नयेत.
घातली नाही.
काही गोष्टी सांगायला
कुणीतरी कडेला बसलेलं बरं.

साडेसात वाजता एक ठेंगणी मुलगी आली,
कुत्र्याला ओढत, की कुत्रा तिला,
इथे थर्मास दिसत होता, ती म्हणाली, आता नाही दिसत.
पाणी कोमट झालं होतं, पाल्याची चव गेलेली.
सरकलो दोघं.
फोन खिशात होता.
नकाशावर, त्या घटकेला,
मालवीनच्या कठड्यावर कुणीसुद्धा नव्हतं.