पाचव्या मिनिटाची फिल्म

खडूचं पाणी आहे, असं मी पेशंटना सांगते.
बेरियम म्हटलं की दचकतात.
गुणाजी बारगुडे दचकला नाही.
पेला नाकाशी नेऊन म्हणाला,
"चुना हाय. भिंतीला लावलाय लई,
पोटाला पयल्यांदाच."

उभे राहा. प्या. हलू नका.
एक मिनिट. दोन. मग पाच.
पुस्तकात लिहितात, खालचं टोक
पक्ष्याच्या चोचीसारखं दिसतं.
मला ती चोच कधी दिसली नाही.
मला दिसते मुळ्याची शेपटी,
आणि तिच्यावर तुंबलेला पांढरा खांब.
पाच मिनिटांनंतरही चौदा सेंटिमीटर.

आकडा लिहायचा, एवढं माझं काम.
मिठगावकर मॅडम आकड्याआधी वळण बघतात.
"नळी रुंदावलीय, पण सरळ आहे अजून.
सरळ असली की पुढे बरं होतं,
बहुतेक."
बहुतेक हा शब्द त्या नेहमी
फाइल मिटता मिटता म्हणतात.

"माला दाखवा," गुणाजी म्हणाला.
दाखवायचं नसतं. दाखवलं.
हा भातगावच्या खाजणात उघाडी राखतो.
भरती आली की फळ्या लावायच्या,
ओहोटीला काढायच्या, बापाच्या मागे तीस वर्षं.
स्क्रीनला नाक टेकेपर्यंत वाकला,
मग म्हणाला, "फळी फुगलीय. कुजली नाय.
निघंल."
रिपोर्टात याला रकाना नव्हता.

आठ वर्षं तो पंगतीला बसला नव्हता.
हे त्याच्या बायकोने दारात सांगितलं, हळू,
जणू तिचीच चूक.
घास अडला की उठून मागीलदारी जायचा.
रात्री डोक्याखाली तीन उशा,
आणि सकाळी उशीवर कालचा भात,
शीत न् शीत ओळखू येईल असा,
आंबलासुद्धा नाही.

कोल्हापूरला पाठवलं, आंबा घाटातून.
तोंडातून नळी, अस्तराखालून बोगदा,
आणि आवळलेला स्नायू आतल्या आत कापायचा.
कागदावर त्याचं नाव इंग्रजी चार अक्षरांत.
सहावीतल्या नातीने जोडून वाचलं, पोएम.
"आजोबा, ही पाठ करायची असते."
"मग कापतात कशाला?" म्हणाला,
आणि खोकेपर्यंत हसला.

महिन्याने परत. तोच पेला, तीच भिंत.
पहिल्या मिनिटाला सहा. दुसऱ्याला तीन.
पाचव्याला तळाशी एक ओली रेघ,
ओहोटीनंतर खेकड्याच्या बिळाशी राहते तेवढी.
मी पट्टी दोनदा लावली. खरंच तेवढीच.
मॅडमचा अंदाज बरोबर निघाला.
त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा आनंदाने लावलं.

"पन जेवत नायत," बायको म्हणाली.
"पेज पितात. भात बघून उठतात."

मॅडमनी फिल्म त्याच्याकडे फिरवली.
"हे बघा बारगुडे, वाट मोकळी आहे. खा की आता."

"पानी जातंय ता दिसतंय माला," तो म्हणाला.
"पन बांध फुटून खारं शिरलं ना मॅडम,
तर पानी दुसऱ्या दिशी उतरतं.
मीठ रवतं.
दोन पावसाळं भात धरत नाय जमीन."

मॅडम काही बोलल्या नाहीत.
मी फिल्मकडे पाहिलं.
काळ्यावर पांढरं, सगळं जिथल्या तिथे,
आणि मिठाचा कण कुठे नाही.

दीड वाजला होता. बाकावर माझा डबा.
घावन होतं, कडेला जळलेलं.
अर्धं मोडून झाकणावर ठेवलं, त्याच्यासमोर,
खा म्हणाले नाही.
हात धुतले, बसले,
आणि सवयीने डोळे घड्याळाकडे गेले.
एक मिनिट.
दोन.
बाहेर कुणीतरी नंबर विचारत होतं.
बायको पदराचं टोक दातात धरून उभी.

त्याने जळकी कड नखाने खरवडली,
बाजूला ठेवली,
आणि मधला तुकडा उचलला.