सहा फूट दहा इंच

ओव्हनचं माप आधी विचारून घेतलं.
बोटवाल्या प्रॉबर्टने फोन बाजूला ठेवला,
टेप शोधली, बऱ्याच वेळाने परत आला:
आत चौदा इंच, त्यातही मागे पाइप.
म्हणजे टर्की नाही. कोंबडी, तीही बेताची.
सासऱ्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

श्रॉपशरचा कालवा, नाताळचा आठवडा,
बोट लांबीला अठ्ठेचाळीस फूट, रुंदीला सहा फूट दहा इंच.
अंथरूण पाहून पाय पसरावेत
हे इथे कुणी उपदेश म्हणून सांगत नाही,
तसा नकाशाच छापून येतो:
टेबल खाली उतरवलं की पलंग,
पलंगाची फळी उचलली की बटाटे,
आणि शेवटी झोपेल त्याने दिवा घालवायचा,
कारण नंतर कुणाला उठून जायला वाट नाही.

कोळशाच्या तीन गोण्या, धूर न करणाऱ्या.
ढलप्या सुक्या, जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलेल्या.
काड्यापेट्या दोन, दोन वेगळ्या माणसांच्या खिशात,
कारण उन्हाळ्यात तंबूत एकच होती
आणि ती बार्नबीसकट ओढ्यात पडली.
लोकरी मोजे माणशी चार जोड.
टॅबिथाचं तरंगतं जाकीट स्वेटरवर चढेना,
एक नंबर मोठं सांगितलं.
नळ गोठला तर किटलीतलं पाणी
हळूहळू ओतायचं, एकदम नाही.
संडासाची टाकी सात दिवस पुरते,
"जपून वागलात तर," प्रॉबर्ट म्हणाला,
आणि पुढचं माझ्यावर सोडलं.
मुलांसाठी मी त्याचा वेगळा कागद केलाय. चित्रांसकट.

गेथिन रात्रपाळीहून येतो, यादी वाचतो,
खाली एकच शब्द लिहितो: पत्ते.
तेही बरोबरच. ते मी विसरले होते.

हिवाळ्यात लॉकचे दरवाजे दुरुस्तीला काढतात.
नकाशावर दोन्हीकडे लाल फुल्या,
मधे अकरा मैल मोकळे.
जायचं आणि त्याच वाटेने यायचं.
बोट वळवायला जागा तीन, त्यातली एक पबसमोर.

सासरे, क्लेमंट, ब्याऐंशीचे,
जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेलं,
स्वयंपाकघरात पाठीमागे झाडूचा दांडा धरून उभे.
डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे.
फ्रीजला दोनदा घासून गेले,
तिसऱ्यांदा सुटले,
आणि टॅबिथाने तोंडाने भोंगा वाजवला.

शुक्रवारी संध्याकाळी प्रॉबर्टचा फोन.
पहाटे उणे सहा होतं. पाण्यावर बोटभर बर्फ.
"फोडून जाऊ देत नाही मी कुणाला,
बुडाचा रंग खरवडतो,
आणि बर्फाचा पत्रा सरकत जाऊन शेजाऱ्याची बोट चिरतो.
पैसे परत घेता,
की धक्क्याला बांधलेलीच घेता?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून सांगितलं.
कुणी काही बोललं नाही.
क्लेमंटनी झाडू दाराआड नेऊन ठेवला, नीट, उलटा.
गोण्या गाडीत चढवून झालेल्या होत्या.
मी विचारलं, "शेगडी पेटते ना?"
"शेगडीला बर्फाचं काय," प्रॉबर्ट म्हणाला.

तर आम्ही इथे आहोत.
कोंबडी ओव्हनमध्ये बसली, पाय दुमडून.
लॉक उघडायचं लोखंडी हँडल
बार्नबी उशाखाली घेऊन झोपतो,
गालावर त्याचा वळ उठलाय.
खिडक्यांना आतून घाम, टॅबिथा त्यावर
आम्ही न गेलेल्या गावांची नावं लिहिते.

आणि क्लेमंट, दोन कोट, कानटोपी,
सकाळी नऊपासून मागच्या टोकाला उभे,
दांडा काखेशी, नजर पुढच्या पुलावर.
बर्फावरून एक बदक चालत आलं,
त्यांच्याकडे पाहून जरा बाजूला झालं.
मी दारातून चहा वर दिला.
त्यांनी तो एका हातानेच घेतला.