सूचक, अनुमोदक

वही माझ्याकडं आहे.
पुठ्ठा वाळवीनं नेला, इतिवृत्त शाबूत.

पहिलं राष्ट्रीय अधिवेशन गंगावेशीत,
तालमीच्या हौद्यावर जाजम अंथरून.
उमेदवारीला सात नावं, पहाटेपर्यंत भांडण;
ठरावांवर अजून तांबड्या मातीची बोटं.

दुसऱ्या खेपेला तातोबा इंगवले तीन मतांनी पडले
आणि रुसून निम्मा पक्ष घेऊन गेले,
सतरंज्यासुद्धा.

पुढं अक्षर बदलत जातं, पानं रिकामी.
एका साली नुसतंच :
कर्ण्याचं भाडं देणे बाकी.

यंदा शाहूपुरीत, गुळाच्या वखारीवरची खोली.
घोंगावत्या माशा, आक्काताई बेनाडे आणि मी.
त्या सूचक. मी अनुमोदक.
नाव लिहायची ओळ कोरी.

एवढ्यात दस्तगीर चहा घेऊन वर आला.
आक्काताईंनी चष्म्यावरनं बघितलं :
"किती वर्षं पाजताय ओ आम्हाला?"
"पस्तीस झाली की."
"आणि पैसे?"
"हाईत बाकी. देशीला की कधीतरी."
"बघा," त्या मला म्हणाल्या,
"पक्षावर एवढा भरवसा आणखी कुणाचा आहे?"

मी टोपण काढलं. लिहिलं.
आवाजी मतदान झालं.
बाजूनं दोन.
विरोधात एक, उमेदवाराचं.